खरे हसू ओळखणारा डॉक्टर : द्युशेन

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आई सकाळी चुलीपुढे बसून चहा पीत होती आणि चहा तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून लुगड्यावर सांडला. तिने तोंड पुसले, पुन्हा घोट घेतला, पुन्हा तेच. मी जवळ जाऊन पाहिले तर तिचे तोंड डावीकडे ओढले गेले होते आणि उजवा डोळा मिटत नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, वारं गेलं. आम्हांला वाटले, अर्धांगवायूच झाला. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तपासून धीर दिला. हा मेंदूचा झटका नव्हे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आली आहे, आणि या दुखण्यातून बहुतेक माणसे बरी होतात, असे त्यांनी समजावले. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले आणि काही दिवसांनी फिजिओथेरपी विभागात पाठवले.

तिथे मॅडमनी एका छोट्या यंत्राच्या तारेचे ओले टोक आईच्या गालावर टेकवले. बटण फिरवताच ओठाचा निर्जीव कोपरा एकदम वर गेला, आणि टोक उचलताच खाली आला. आईला हसू आले नव्हते. तिच्या डोळ्यांत तर भीती होती. तरीही तिचे अर्धे तोंड हसत होते. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. आईने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात उन्हातान्हात खुरपणी केली आहे, त्यामुळे वयाच्या मानाने तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या फार. पण त्या दिवसांत तिची उजवी बाजू अगदी नितळ झाली होती. कपाळावरच्या आठ्या मध्यावर येऊन थांबत होत्या. डोळ्याच्या कडेच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. अर्धा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता, आणि घरात कोणालाच त्याचा आनंद नव्हता.

पुढे मानसशास्त्राच्या तासाला भावना हे प्रकरण शिकवताना सरांनी खऱ्या हास्याला द्युशेन हास्य असे नाव असल्याचे सांगितले. हा द्युशेन कोण, असे मी तासानंतर विचारले. सर म्हणाले, विजेच्या तारा लावून चेहऱ्याचे स्नायू हलवणारा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच डॉक्टर. मला आईचा गाल आठवला. मग ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, इंग्रजीत अडले तिथे सरांना विचारले. त्या वाचनातून उभे राहिलेले हे चरित्र मित्रमैत्रिणींपुढे ठेवते.

गियोम द्युशेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ रोजी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बुलोन या बंदराच्या गावी झाला. घराणे दर्यावर्दी. वडील जहाजाचे कप्तान होते. नेपोलियनच्या काळात इंग्रजांची जहाजे पकडल्याबद्दल त्यांना खुद्द नेपोलियनकडून सन्मान मिळाला होता. मुलानेही समुद्रावर जावे, अशी वडिलांची इच्छा. पण मुलाचे मन शास्त्रात रमलेले. वडिलांची इच्छा बाजूला सारून तो दुए या गावी शिकायला गेला आणि एकोणिसाव्या वर्षी पदवीपूर्व परीक्षा उत्तीर्ण झाला. हे वय वाचून मी क्षणभर थांबले, कारण आज माझे वयही तेच आहे. कप्तानाच्या घरातून वैद्यकाकडे जाणे आणि मजुराच्या घरातून महाविद्यालयात येणे यांत अंतर पुष्कळ आहे, हे मला कळते. पण घरात कोणीच न चाललेल्या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्याची धाकधूक सगळीकडे सारखीच असावी.

पुढे त्यांनी पॅरिसमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले. द्युपुइत्रां, माझांदी असे त्या काळचे नामवंत शल्यवैद्य आणि शरीरशास्त्रज्ञ त्यांना शिक्षक म्हणून लाभले. १८३१ मध्ये भाजण्याच्या जखमांवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. पॅरिसमध्ये बस्तान बसवणे सोपे नव्हते, म्हणून ते गावी परतले आणि बुलोनमध्ये दवाखाना चालवू लागले. लग्नही त्याच वर्षी झाले.

इथून त्यांच्या आयुष्यातले मोठे दुःख सुरू होते. १८३३ मध्ये पहिल्या बाळंतपणानंतर त्यांच्या पत्नीचा सूतिकाज्वराने मृत्यू झाला. या ज्वराचे खरे कारण तेव्हा वैद्यकाला ठाऊक नव्हते. पण बाळंतपणाच्या वेळी पत्नीजवळ द्युशेन एकटेच होते, आणि एवढ्यावरून त्यांच्या सासूने गावात नाही नाही ते बोलायला सुरुवात केली. दोष जावयावर आला. लहानग्या एमिलला पत्नीच्या माहेरच्यांनी नेले. बापलेकांची ताटातूट झाली ती जवळजवळ तीस वर्षांची. ज्या गावात आपण लहानाचे मोठे झालो तिथे संशयाच्या नजरा झेलत जगणे काय असते, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पुढे १८३९ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. पण तोही संसार सुखाचा झाला नाही.

या उदास काळातच त्यांना विजेचा नाद लागला. त्या वेळी फ्रान्समध्ये दुखऱ्या जागी सुया टोचून त्यांतून वीज सोडण्याचा एक उपचार प्रचारात आला होता. १८३५ च्या सुमारास द्युशेन यांनी तो करून पाहिला. सुई टोचली की तिच्याजवळचा स्नायू आखडतो, हे त्यांनी पाहिले. अनेकांनी पाहिले होते. पण कोणता स्नायू नेमका कोणते काम करतो हे जिवंत माणसात याच रीतीने शोधता येईल, हा विचार त्यांच्या मनात घट्ट रुजला. तोवर स्नायूंची माहिती बहुतांशी प्रेतांच्या चिरफाडीतून मिळत असे, आणि प्रेताचा स्नायू कुठून कुठे जातो ते दिसले तरी तो जिवंतपणी काय करतो ते दिसत नाही.

सुईत दोन अडचणी होत्या. एक तर ती दुखते, आणि दुसरे म्हणजे वीज सगळीकडे पसरते. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी विद्युत प्रवर्तनाचा शोध लावला होता. तारेच्या एका वेटोळ्यातील प्रवाह जोडत-तोडत राहिले तर शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यात क्षणाक्षणाला विजेचे झटके निर्माण होतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. द्युशेन यांनी या तत्त्वावरचे, हातात धरून नेता येईल असे एक पेटीवजा यंत्र वापरात आणले. सुईऐवजी त्यांनी ओली केलेली टोके त्वचेवर ठेवली. त्वचा कोरडी असली तर वीज वरच्यावर राहते आणि चुरचुरते. त्वचा आणि टोक दोन्ही ओली असली तर ती आत स्नायूपर्यंत पोचते. एवढ्या साध्या युक्तीने त्वचा न टोचता एकेक स्नायू स्वतंत्रपणे हलवणे शक्य झाले. या पद्धतीला त्यांनी फॅरडे यांच्या नावावरून फॅरडायझेशन असे नाव दिले. आईच्या गालाला लावलेले ते ओले टोक याच घराण्यातले.

१८४२ मध्ये ते पुन्हा पॅरिसला आले. वय ३६, हाती पेटी, पाठीशी कोणी नाही. त्यांना कोणत्याही रुग्णालयात पद नव्हते, कोणत्याही विद्यापीठात अध्यासन नव्हते, आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते मिळाले नाही. सकाळी ते आपली पेटी घेऊन रुग्णालयांच्या वॉर्डांतून फिरत, दुपारनंतर खासगी रुग्ण पाहून पोट भरत. एखादा रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवला की हेही त्याच्या मागे तिकडे जात, कारण आजार पुढे काय वळण घेतो ते त्यांना शेवटपर्यंत पाहायचे असे. त्यांची बोली गावाकडची, वागणे बुजरे, सफाईने बोलता येत नसे. पॅरिसचे डॉक्टर त्यांची थट्टा करत. आपल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी ज्यांनी आपल्या बोलीसाठी हसू ऐकले असेल, त्यांना हा भाग वाचताना द्युशेन आपलेच वाटतील.

साल्पेत्रिएर हे पॅरिसचे विशाल रुग्णालय त्यांच्या कामाचे मुख्य क्षेत्र झाले. पूर्वी तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. नंतर गरीब, निराधार, वृद्ध आणि मनोरुग्ण स्त्रियांना तिथे ठेवू लागले. ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते अशा रुग्णांपाशी हा पेटीवाला डॉक्टर तासन्‌तास बसे. १८६२ मध्ये झां मार्तां शार्को हे तिथे प्रमुख म्हणून आले. पुढे सर्व युरोपभर गाजलेल्या या शार्को यांनी द्युशेन यांना जाहीरपणे आपले गुरू मानले. पद नसलेल्या माणसाला पदावरच्या माणसाने दिलेला हा मान मला फार मोठा वाटतो.

द्युशेन यांचा पहिला मोठा ग्रंथ विजेच्या स्थानिक वापरावर होता. तो १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. हातापायांचे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार, चालताना तोल जाण्याचा मज्जारज्जूचा आजार, जीभ आणि घसा लुळा पडण्याचा आजार, अशा कितीतरी दुखण्यांची पहिली नेमकी वर्णने त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत. त्यांतले सर्वांत परिचित दुखणे लहान मुलग्यांचे. मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसतात, पण त्यांत बळ नसते. मूल पडू लागते, उठताना मांड्यांवर हात टेकते आणि बहुधा बाराव्या वर्षाच्या आसपास चालणेच थांबते. या आजाराचे वर्णन द्युशेन यांनी १८६१ मध्ये आणि अधिक विस्ताराने १८६८ मध्ये केले. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता यावा म्हणून त्यांनी एक खास सुईही बनवली होती. आज हा आजार जगभर ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या नावाने ओळखला जातो. त्यात स्नायूंतील जे प्रथिन नसते त्याचा शोध १९८७ मध्ये लागला, म्हणजे द्युशेन यांच्या वर्णनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

पण माझ्या लेखाचा विषय चेहरा आहे, आणि द्युशेन यांनाही चेहऱ्याने झपाटले होते. हातापायांचे स्नायू हाडांना बांधलेले असतात आणि हाडे हलवतात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र एका टोकाने त्वचेतच गुंतलेले असतात. ते आखडले की त्वचा ओढली जाते आणि तिला घडी पडते. ही घडी स्नायूच्या ओढीला आडवी असते. कपाळाचा स्नायू उभा ओढतो म्हणून आठ्या आडव्या पडतात. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल आहे, म्हणून त्याच्या कडेला रेघा सूर्यकिरणांसारख्या पसरतात. चेहऱ्याची ही भाषा एकेक अक्षर सुटे करून वाचावी, असे द्युशेन यांनी ठरवले.

त्यांच्या हातून घडलेला एक प्रसंग मोठा बोलका आहे. भुवई आखडणाऱ्या स्नायूला वीज दिली की संपूर्ण चेहरा वेदनेने पिळवटल्यासारखा दिसे. ओठ, गाल, सगळेच दुःखी. एकदा प्रयोग चालू असताना त्या स्त्रीच्या चेहऱ्यावरची झिरझिरीत जाळी घसरून भुवया झाकल्या गेल्या, आणि द्युशेन चकित झाले. चेहऱ्याचा खालचा भाग अगदी शांत होता. वीज फक्त भुवईत होती. उरलेले दुःख पाहणाऱ्याच्या डोळ्याने रचलेले होते. त्यानंतर ते चेहऱ्याचा काही भाग झाकून, कधी एकाच बाजूला वीज देऊन, बारकाईने तपासू लागले.

चेहरा क्षणात बदलतो, तो टिपायचा कसा? त्यांनी नुकत्याच विकसित होत असलेल्या छायाचित्रणाचा आधार घेतला. प्रख्यात छायाचित्रकार नादार यांचे धाकटे बंधू आद्रियां तूर्नाशों यांनी सुरुवातीला मदत केली, पुढे द्युशेन स्वतःच ही कला शिकले. तेव्हाच्या कॅमेऱ्याला माणूस काही सेकंद स्थिर लागे. खरे हसू किंवा खरी भीती इतका वेळ थांबत नाही, पण विजेने आखडलेला स्नायू थांबतो. अशा रीतीने तयार झालेला चेहऱ्यावरील भावांच्या यंत्रणेचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकाच्या इतिहासात छायाचित्रांचा असा वापर करणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

या छायाचित्रांत पुन्हा पुन्हा दिसणारा एक म्हातारा आहे. दात पडलेले, गाल बसलेले, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. दोन्ही बाजूंनी डॉक्टरांच्या हातातली टोके त्याच्या कातडीला टेकलेली. चित्रे पाहिली की प्रथम अंगावर काटा येतो, याचा छळ चालला आहे असे वाटते. वास्तविक या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची संवेदनाच आजाराने बोथट झाली होती. त्यामुळे त्याला वेदना होत नसे. इतका कुरूप माणूस का निवडला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. द्युशेन यांनी तो जाणूनबुजून निवडला होता. तरुण, गुबगुबीत चेहऱ्यावर वीज दिली तर घड्या नीट उमटत नाहीत. म्हाताऱ्याच्या पातळ, सुरकुतलेल्या कातडीवर प्रत्येक स्नायूची रेघ स्पष्ट वाचता येते. ज्या रेघा लोकांना लपवाव्याशा वाटतात त्या या डॉक्टरला लिपीसारख्या उपयोगी पडल्या.

हास्याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध शोध याच म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर झाला. गालाचा मोठा स्नायू ओठाचा कोपरा वर ओढतो. त्याला वीज दिली की तोंड हसते, पण पाहणाऱ्याला ते हसू पोकळ वाटते. खरोखर आनंद झाला की याबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आखडतो, गाल वर चढतो, खालची पापणी फुगते आणि डोळ्याच्या कडेला रेघा उमटतात. गालाचा स्नायू आपल्या इच्छेने हलतो. डोळ्याभोवतीचा हा भाग सहसा मन आनंदल्याशिवाय साथ देत नाही, असा निष्कर्ष द्युशेन यांनी काढला. अलीकडच्या संशोधकांच्या मते काही माणसांना तोही मुद्दाम हलवता येतो, म्हणून ही खूण शंभर टक्के खात्रीची मानत नाहीत. तरी मूळ निरीक्षण टिकून आहे.

चेहऱ्याच्या या अभ्यासातून ते कलेकडेही वळले. जगप्रसिद्ध लाओकून शिल्पाच्या कपाळावरच्या आठ्या खऱ्या वेदनेत तशा पडूच शकत नाहीत, असे त्यांनी दाखवले. आपल्या छायाचित्रांचा संग्रह त्यांनी पॅरिसच्या ललितकला विद्यालयाला दिला. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये मानव आणि प्राणी यांच्या भावप्रदर्शनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात द्युशेन यांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीने घेतली. म्हाताऱ्याच्या खऱ्या आणि विजेच्या हसण्याची चित्रे डार्विन यांनी वीसहून अधिक लोकांना दाखवून त्यांची मते विचारली होती.

उतारवयात एक सुख त्यांना लाभले. दुरावलेला मुलगा एमिल स्वतः डॉक्टर होऊन पॅरिसला आला आणि बापलेक पुन्हा भेटले. पण हे सुख थोडेच टिकले. वडिलांच्या हयातीतच एमिल गेला. त्यानंतर काही वर्षांनी, सप्टेंबर १८७५ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने द्युशेन यांचे निधन झाले. ज्या रुग्णालयाने त्यांना कधी पद दिले नाही त्या साल्पेत्रिएरच्या आवारात १८९७ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले.

चरित्र इथे संपते. पण द्युशेन यांची पेटी मात्र संपली नाही. ती लहान होत होत आज मुठीत मावते. आमच्या तालुक्याच्या गावात एका ब्युटी पार्लरच्या पाटीवर विजेच्या यंत्राने सुरकुत्या घालवून तारुण्य परत आणण्याचे आश्वासन आहे. तशाच जाहिराती मैत्रिणींच्या मोबाइलवर येतात. वीस वर्षांच्या मुली त्यासाठी पैसे साठवताना मी पाहिल्या आहेत. त्यांना हसावे म्हणून मी हे लिहीत नाही. आपला चेहरा चांगला दिसावा असे मलाही वाटते. पण यंत्र काय करते हे समजून घेतलेले बरे.

ही यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. एका प्रकारात स्नायू खरोखर आखडतो, म्हणजे द्युशेन यांचेच तत्त्व. दुसऱ्यात प्रवाह इतका सूक्ष्म, अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजण्याइतका असतो की स्नायू हलतही नाही. पहिल्या प्रकाराची एक पद्धतशीर चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १०८ स्त्रियांचा समावेश होता. ज्यांनी १२ आठवडे यंत्र वापरले त्यांच्या गालाच्या स्नायूची जाडी सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे स्नायू भरतो, गाल थोडा उचललेला दिसू शकतो. पण व्यायाम सोडला की दंड उतरतो, तसेच इथेही, यंत्र थांबले की स्नायू पूर्ववत होऊ लागतो. शिवाय सुरकुत्यांचे मोठे कारण स्नायू नव्हेच. ऊन, तंबाखू आणि वय यांमुळे त्वचेतील तंतू विरतात, आणि ते विजेने पुन्हा विणले जातात असे म्हणायला भक्कम पुरावा नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर ही यंत्रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नयेत.

यातला विरोध पाहा. एकीकडे यंत्र स्नायूला आखडायला लावते आणि सांगते, यानेच सुरकुत्या जातील. दुसरीकडे बोटॉक्सचे इंजेक्शन स्नायूला लुळे करते. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला २००२ मध्ये आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघांसाठी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. द्युशेन यांचा ग्रंथ वाचलेल्याला दुसऱ्याचे तर्कशास्त्र चटकन कळेल. स्नायू ओढतो म्हणून घडी पडते, त्याला थांबवले की घडी जाते. पण ती घडी जाताना तिच्याबरोबर काय जाते, हेही त्याच ग्रंथात आहे. डोळ्यांच्या कडेच्या ज्या रेघांवर हे सगळे उपाय रोखलेले आहेत, त्याच रेघा खऱ्या हसण्याची साक्ष देतात.

माझ्या आईने ते इंजेक्शन घेतले नव्हते. तरी त्या अडीच-तीन महिन्यांत तिच्या उजव्या बाजूला नेमके तेच झाले होते. चेहरा नितळ झाला आणि मुका झाला. ती रागावली आहे की थकली आहे, मला कळेना. लहानपणापासून मी तिच्याकडे पाहूनच घरात आज काय चालले आहे ते ओळखत आले आहे. बाजार झाला की नाही, मजुरी मिळाली की नाही, हे ती तोंडाने कधी सांगत नसे. त्या दिवसांत मला ते अर्धेच वाचता येई.

रोज सकाळी आरशापुढे बसून ती मॅडमनी शिकवलेले व्यायाम करी. गाल फुगवणे, शीळ घालण्याचा प्रयत्न करणे, भुवया उचलणे. विजेचे उपचारही काही आठवडे चालले. या दुखण्यातून बहुतेक लोक आपोआपही बरे होतात, त्यामुळे यंत्राने किती केले आणि निसर्गाने किती, हे मी सांगू शकत नाही. आधी डोळा मिटू लागला. मग ओठ.

माझा प्रथम वर्षाचा निकाल लागला तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी उत्तीर्ण झाल्याचे सांगितले. तिने मान वर केली आणि हसली. मी तिच्या ओठांकडे पाहिले नाही. मी उजव्या डोळ्याच्या कडेला पाहिले. तिथे तीन रेघा परत आल्या होत्या.

त्या रेघा कशाच्या आहेत, हे मला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बुजऱ्या, पदवंचित, पेटी घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरणाऱ्या डॉक्टरने शिकवले. त्याच्या स्मृतीला माझे विनम्र अभिवादन.